गाठ आणि खूण : प्राचीन तुर्की गालिच्याची विद्या, तिची चिन्हे आणि दख्खनचा अनुभव

वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरील सेलू हे गाव कापसाच्या मुलखात मोडते. येथील बाजारात 'गाठ' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरकी काढून दाबलेली कापसाची गाठ उभी राहते. गालिच्याच्या अभ्यासकास मात्र त्याच शब्दाने वेगळी वस्तू अभिप्रेत असते. दोन उभ्या सुतांभोवती लोकरीचा एक तुकडा वेढून कापला, की त्याची एक गाठ होते. या दोन गाठींचा परस्परसंबंध केवळ शब्दापुरता नाही. प्राचीन तुर्की गालिच्याचा ताणा लोकरीचा असे, तर हिंदुस्थानातील गालिचा बहुधा कापसाच्या ताण्यावर उभा राहिला. गालिच्याच्या इतिहासात सेलूचे नाव येत नाही. परंतु त्या इतिहासातील एक मूलभूत भेद ज्या पदार्थाने घडविला, तो पदार्थ या भूमीचा प्रमुख व्यवहार आहे.

मराठी भाषेतही या विद्येच्या खुणा आहेत. 'गालिचा' हा शब्द फारसीतून आला. त्याच्या मुळाशी असलेला 'काली' हा शब्द पूर्व अनातोलियातील कालिकला, म्हणजे आजचे एर्झुरुम, या नगराच्या नावावरून पडला, असे अरबी भूगोलकारांचे मत होते. सभेत अंथरली जाणारी 'जाजम' फारसी-तुर्की 'जाजिम'चे रूप होय. तथापि सतरंजी, जाजम व घोंगडी ही सपाट विणीची वस्त्रे आहेत. गालिच्याचे वैशिष्ट्य त्याच्या उभ्या केसाळ पृष्ठात असून ते पृष्ठ गाठींनी सिद्ध होते. म्हणून गालिच्याचा विचार गाठीपासून करणे युक्त ठरते.

१. गाठीची साक्ष

गालिच्याचा माग साधा असतो. वरच्या व खालच्या आडव्या दांड्यांमध्ये ताण्याची सुते ताणून बसवितात. प्रारंभी काही अंगुळे सपाट वीण घालून कडा पक्की करितात. त्यानंतर प्रत्येक दोन उभ्या सुतांवर रंगीत लोकरीची गाठ देऊन टोक सुरीने कापतात. गाठींची एक ओळ पुरी झाली, की बाण्याचे एक, दोन किंवा अधिक धागे ओवून जड फणीने ठोकून बसवितात, आणि कात्रीने पृष्ठ सम करितात. नक्षी अशा रीतीने ओळीओळीने खालून वर चढत जाते. विणकरास पूर्ण चित्र अगोदर डोळ्यांपुढे असावे लागते. एकदा बसलेली ओळ मागाहून फिरविता येत नाही.

गाठीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात लोकरीचा धागा दोन्ही सुतांवरून जाऊन प्रत्येकास वेढतो व त्याची दोन्ही टोके त्या सुतांच्या मधून एकत्र बाहेर येतात. हिला सममित गाठ म्हणतात. पश्चिम अनातोलियातील गोर्देस या गावावरून तिला गोर्देस गाठ असेही नाव पडले आहे. दुसऱ्या प्रकारात धागा एका सुतास पूर्ण वेढतो व दुसऱ्याच्या केवळ मागून जातो. टोके एकाआड एक निघतात. ही असममित किंवा सेन्नेह गाठ. व्यवहारात पहिलीस तुर्की व दुसरीस फारसी म्हणण्याची प्रथा आहे. सममित गाठ घट्ट बसते व सरळ रेषांच्या, कोनयुक्त आकृतींस सोयीची ठरते. असममित गाठीने वळणदार वेली अधिक सुलभतेने काढता येतात.

परंतु या नावांवर विसंबून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. इ. स. १९४९ मध्ये रुडेन्को यांना अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील पाचव्या थडग्यात एक संपूर्ण गालिचा सापडला. थडग्यात शिरलेले पाणी गोठल्यामुळे लोकर व रंग टिकून राहिले. सुमारे १.८३ बाय २ मीटर मापाच्या या गालिच्यात प्रत्येक चौरस डेसिमीटरास सुमारे ३६०० गाठी आहेत, म्हणजे एकंदर बारा-तेरा लक्ष. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व पाचवे-चौथे शतक मानला जातो. मध्यभागी चोवीस चौकटी, भोवती चरणारी हरणे व घोडेस्वार अशी त्याची रचना आहे. त्यातील गाठ सममित, म्हणजे 'तुर्की' आहे. तुर्कांचा अनातोलियातील प्रवेश मात्र इ. स. १०७१ च्या मन्झिकर्टच्या लढाईनंतरचा. यास्तव ज्या गाठीस तुर्की म्हटले जाते ती तुर्कांच्या तेथील आगमनापूर्वी दीड हजार वर्षे पूर्णत्वास पोचली होती, हे उघड आहे.

उलट बाजूचे उदाहरणही आहे. इ. स. १५८५ मध्ये तिसऱ्या मुराद सुलतानाने कैरोहून अकरा गालिचाकारांस लोकरीसह इस्तंबुलला बोलाविले. उस्मानी दरबारी शैलीचे म्हणून प्रसिद्ध असलेले फुलापानांचे गालिचे असममित, म्हणजे 'फारसी' गाठीचे आहेत. इराणातील तब्रिझ येथे मात्र तुर्की गाठ रूढ राहिली. गाठीवरून राष्ट्र ठरत नाही. हाताचे वळण व शिक्षणाची परंपरा ठरते. इ. स. १२७० च्या सुमारास अनातोलियातून गेलेला मार्को पोलो तेथील गालिच्यांस जगातील सर्वोत्कृष्ट म्हणतो, आणि त्यांच्या संदर्भात नगरांत राहणाऱ्या आर्मेनियन व ग्रीक लोकांचा उल्लेख करतो. 'तुर्की' या एका विशेषणाखाली किती समाजांचे हात आले असतील, हे यावरून कळते.

२. खुणांचे अर्थ

सेल्जुक काळातील गालिच्यांचा परिचय विद्वानांस विसाव्या शतकात झाला. इ. स. १९०५ मध्ये कोन्या येथील अलाउद्दीन मशिदीत आठ गालिचे व तुकडे उजेडात आले, इ. स. १९३० मध्ये बेयशेहिर येथील एशरेफोग्लू मशिदीत आणखी काही मिळाले. तेराव्या-चौदाव्या शतकांतील या गालिच्यांत लहान भौमितिक आकृती अखंड आवर्तनाने मांडलेल्या असून रुंद किनारीत कूफी लिपीसारखी ठसठशीत अक्षरे दिसतात. बहुतेक ठिकाणी ती अक्षरे वाचता येत नाहीत. लिपीचे येथे अलंकरण झाले आहे. अक्षराचे पावित्र्य उरले, शब्द गेला. गालिच्यातील चिन्हांचा विचार करताना हे उदाहरण प्रारंभीच लक्षात ठेवणे इष्ट होय.

चिन्हांचा अर्थ सप्रमाण सांगता येईल अशी स्थळे आहेत. नमाजाच्या गालिच्यावरील कमान ही मशिदीतील मेहराबीची आकृती, आणि तीतून लोंबणारा दिवा हा कुराणाच्या चोविसाव्या सूऱ्यातील पस्तिसाव्या आयतेतील प्रकाशाच्या दृष्टान्ताशी जोडलेला. हा अर्थ केवळ कल्पित नाही, याला राजकीय कागदाचा आधार आहे. इ. स. १६१० मध्ये उस्मानी दरबाराने कुताह्या येथे हुकूम पाठवून काबा, मेहराब किंवा अक्षरे असलेले नमाजी गालिचे विणण्यास मनाई केली. कारण असे की ते अन्यधर्मीयांस विकले जात व पवित्र चिन्हे त्यांच्या पायांखाली येत. हुकूम निघाला याचा अर्थ दोन्ही गोष्टी सत्य होत्या : विणणाऱ्या समाजास चिन्हाचा अर्थ ज्ञात होता, आणि बाजारास त्याची पर्वा नव्हती.

बाजाराने गालिच्यांस नवी नावे दिली. युरोपीय चित्रकारांनी आपल्या चित्रांत ज्या नक्षीचे गालिचे रंगविले, त्या नक्षीस त्या चित्रकारांचेच नाव मिळाले. होल्बाइनच्या 'राजदूत' या इ. स. १५३३ च्या चित्रातील मेजावर अनातोलियाचा गालिचा आहे. लोट्टोच्या इ. स. १५४२ च्या संत अँटोनिनसच्या चित्रातही तसाच एक लोंबतो. परिणामी आजही अभ्यासक होल्बाइन गालिचा, लोट्टो गालिचा, मेमलिंगचा गुल असे म्हणतात. ज्यांनी ते विणले त्यांच्यापैकी एकाचेही नाव या परिभाषेत नाही. कालनिर्णयासाठी ही चित्रे बहुमोल आहेत. अर्थनिर्णयासाठी त्यांचा उपयोग नाही.

चिन्हशोधाचा मोह विद्वानांस कोठवर नेतो, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. चातालह्योयुक या नवाश्मयुगीन वसाहतीचे उत्खनन जेम्स मेलार्ट यांनी इ. स. १९६१ ते १९६५ या काळात केले. इ. स. १९८९ मध्ये त्यांनी तेथील भित्तिचित्रांची म्हणून काही रेखाटने प्रसिद्ध केली आणि आजच्या अनातोलियन किलीमवरील कमरेवर हात ठेवलेली स्त्रीसदृश आकृती ही आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मातृदेवतेची अखंड परंपरा होय, असे प्रतिपादिले. विणकामाच्या जाणकारांनी त्याच वेळी आक्षेप घेतला : या आकृतींचे कोन व पायऱ्या विशिष्ट सपाट विणीतून अपरिहार्यपणे उत्पन्न होतात, आणि त्या तंत्राचा नवाश्मयुगात पुरावा नाही. मेलार्ट यांच्या मृत्यूनंतर, इ. स. २०१८ मध्ये, त्यांच्या लंडनच्या घरात अशा चित्रांचे कच्चे आराखडे सापडले व ती बनावट असल्याचे उघडकीस आले. ज्यांनी वीण तपासली ते प्रारंभापासून योग्य मार्गावर होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रश्न एका परिचित आकृतीवरून समजेल. पैठणीच्या पदरावर जी कोयरी असते, तिला मराठी माणूस कैरीचे रूप मानतो. इराणात तीच आकृती 'बुत्ता', म्हणजे झुडूप होय. इंग्रज तिला शाली विणणाऱ्या स्कॉटिश गावाच्या नावाने पेझली म्हणतात. या तिन्हींपैकी कोणता अर्थ खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. आकृती प्रवास करते. अर्थ ज्या त्या समाजाच्या वापरात उत्पन्न होतो.

३. दख्खनमधील गालिचा

अनातोलियाच्या गालिच्याची कीर्ती हिंदुस्थानास नवी नव्हती. इ. स. १३३० नंतरच्या काही वर्षांत अनातोलियातून गेलेला इब्न बतूता आक्सराय येथील मेंढीच्या लोकरीच्या गालिच्यांचे वर्णन करताना ते मिसर, शाम, इराक, हिंद व चीन येथे जातात असे नमूद करतो. हाच प्रवासी पुढे दौलताबादेस आला व त्याने मराठ्यांविषयी लिहिले. तुर्की गालिचा आणि मराठी मुलूख ही दोन्ही एकाच ग्रंथात एकाच लेखकाने पाहिलेली आहेत.

दख्खनच्या सुलतानांपैकी विजापूरच्या आदिलशाहीने तर तुर्की वंशाचाच दावा सांगितला. फिरिश्त्याच्या कथनानुसार संस्थापक यूसुफ आदिलशाह हा उस्मानी सुलतान दुसऱ्या मुरादाचा पुत्र होय. आधुनिक इतिहासकार ही कथा वंशगौरवार्थ रचलेली मानतात. विजापूरच्या इमारतींवरील चंद्रकोरीचा संबंधही पुष्कळांनी या दाव्याशी जोडला आहे. येथे गालिच्याची साक्ष उपयोगी पडते. दख्खनच्या प्राचीन गालिच्यांतील गाठ असममित, म्हणजे फारसी परंपरेची आहे. ताणा कापसाचा आहे. दरबाराने शिखरावर कोणतेही चिन्ह धारण केलेले असो, त्या प्रदेशातील गालिचाकारांचे हात इराणी शिक्षणाचे होते. चिन्ह दावा सांगते, गाठ शिक्षण सांगते. इतिहासकाराने दोहोंची गल्लत करू नये.

विजापूरच्या आसार महालात पैगंबरांचे अवशेष जतन केलेले असून तेथे जुन्या गालिच्यांचा एक मोठा संच होता. ते गालिचे इ. स. १६५७ मध्ये काश्मीरहून आले अशी तेथील परंपरा आहे, आणि कझिन्स यांनी विजापूरच्या वास्तूंवरील आपल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली आहे. पूर्व दख्खनमध्ये वारंगळ व एलुरू ही गालिच्यांची केंद्रे प्रसिद्धीस आली. अनेक कमानींची रांग असलेले सामुदायिक नमाजाचे 'सफ' गालिचे वारंगळच्या नावाशी जोडले जातात. त्यांचे तुर्की भाऊबंद इस्तंबुलच्या संग्रहात आहेत. डच व्यापाऱ्यांनी दख्खनचे गालिचे जपानपर्यंत नेले. क्योटो येथील गिऑन उत्सवाच्या रथांवर ते आजही शोभेसाठी बांधले जातात. गोवळकोंड्याच्या परिसरात विणलेली वस्तू शिंतो उत्सवाची अलंकृती झाली, आणि त्या उत्सवात तिला नवे मोल प्राप्त झाले.

४. यरवड्याचे माग

एकोणिसाव्या शतकात या विद्येस अनपेक्षित ठिकाणी आश्रय मिळाला. तो म्हणजे कारागृह. इंग्रज सरकारने कैद्यांच्या श्रमातून उत्पन्न व्हावे म्हणून आग्रा, लाहोर, पुणे इत्यादी ठिकाणच्या तुरुंगांत गालिच्याचे माग बसविले. पुण्याजवळील यरवडा कारागृहात विजापूरच्या आसार महालातील गालिच्यांच्या नकला विणल्या गेल्या. पुढे, इ. स. १९०७ मध्ये, मुंबई इलाख्यातील गालिचाकामावर ट्विग यांचा स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध झाला.

या व्यवस्थेचा कडवा विरोधक महाराष्ट्राशी निकट संबंध असलेला होता. जॉर्ज बर्डवुड यांचा जन्म इ. स. १८३२ मध्ये बेळगाव येथे झाला, आणि मुंबईच्या संग्रहालयाच्या स्थापनेत डॉ. भाऊ दाजी यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. इ. स. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी कलांवरील ग्रंथात त्यांनी तुरुंगातील गालिच्यांवर कठोर टीका केली. स्वस्त सक्तीच्या श्रमामुळे परंपरागत विणकर बाजारातून हुसकला जातो, आणि त्याबरोबर नक्षी व रंग यांचा दर्जा ढासळतो, असा त्यांचा आशय होता. या टीकेतील आर्थिक भाग आजही वजनदार वाटतो.

परंतु बर्डवुड यांचे दुसरे प्रतिपादन तपासून घेतले पाहिजे. पौर्वात्य गालिच्याचा प्रत्येक प्रकार गूढ प्रतीकांनी भरलेला असून गालिच्याची भूमी म्हणजे अनंत अवकाश, आणि तीवरील नक्षी म्हणजे क्षणभंगुर चराचर सृष्टी, असे त्यांनी मांडले. हे वचन पुढील अनेक ग्रंथांत अवतरत राहिले. ते रम्य आहे. पण अनातोलियातील किंवा दख्खनमधील कोणा विणकराच्या मुखातून अथवा कोणत्या दप्तरातून ते घेतलेले नाही. इ. स. १६१० च्या हुकमाशी त्याची तुलना केली, म्हणजे प्रमाण व कल्पना यांतील अंतर स्पष्ट होते. शिवाय या उदात्त अर्थाचा एक अनिष्ट परिणाम झाला. गालिचा चिरंतनाचे प्रतीक ठरला, की तो विणणाऱ्याचे हात दृष्टीआड होतात. यरवड्याच्या कैद्याने आसार महालाची नक्षी उतरविली तेव्हा त्याच्या मनात अनंत अवकाश होता की शिक्षेचे उरलेले दिवस, हा प्रश्न प्रतीकवादी समीक्षेस सुचत नाही.

रंगांची कथाही याच प्रकारची आहे. प्राचीन तुर्की गालिच्याचा लाल रंग प्रामुख्याने मंजिष्ठेच्या मुळांपासून व निळा नीळीपासून काढीत. मराठीतील 'किरमिजी' हा शब्द ज्या किड्यापासून आला त्याच जातीच्या कीटकांचाही रंगासाठी उपयोग होई. मध्य प्रांतात कापसाच्या वस्त्रास लाल रंग देण्यासाठी आलीच्या मुळांचा उपयोग होत असे. इ. स. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग काढला, इ. स. १८६८ मध्ये मंजिष्ठेचे रंगद्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अनातोलियातील मंजिष्ठेची शेती आणि मध्य प्रांतातील आलीची लागवड या दोहोंवर एकाच कारणाने संक्रांत आली. तुर्कस्तानात इ. स. १९८१ पासून विद्यापीठाच्या साह्याने आयवाजिक परिसरातील खेड्यांत नैसर्गिक रंगांचे पुनरुज्जीवन करण्यात आले. त्या प्रयत्नास यश आले ते जुने गालिचे रसायनदृष्ट्या तपासून रंगांची कृती पुन्हा शोधल्यामुळे. प्रतीकांच्या व्याख्यानांमुळे नव्हे.

५. उपसंहार

यरवड्याचे नाव वर्धा जिल्ह्यात निराळ्या कारणाने परिचित आहे. गांधीजींच्या तेथील कारावासाशी निगडित असलेला पेटीचा चरखा 'यरवडा चक्र' या नावाने रूढ झाला. गांधीजी इ. स. १९३६ पासून सेवाग्रामी राहू लागले, आणि इ. स. १९३८ मध्ये वर्धा येथे मगन संग्रहालय स्थापन झाले. एकाच तुरुंगाशी दोन हस्तव्यवसाय जोडले गेले. गालिच्याच्या मागावर कैद्याने दुसऱ्याची नक्षी दुसऱ्याच्या बाजारासाठी विणली, आणि तीस अर्थ दिला तो ग्रंथकारांनी. चरख्याचा अर्थ मात्र सूत काढणाऱ्यांनी स्वतः स्वीकारला व जाहीर केला, म्हणून तो इतिहासात निःसंशयपणे वाचता येतो. चिन्हाचा अर्थ कोणी दिला, केव्हा दिला व तो विणणाऱ्यास मान्य होता काय, हे तीन प्रश्न गालिच्याच्या प्रत्येक खुणेस विचारले पाहिजेत.

या दृष्टीने गालिच्याचा अभ्यास पाठीमागून आरंभावा. पुढील पृष्ठावर नक्षी दिसते. मागील पृष्ठावर गाठीचा प्रकार, बाण्यांची संख्या, ताण्याचे सूत व मध्येच बदललेला रंग दिसतो. जेथे दप्तराचा किंवा चालू आचाराचा आधार असेल, तेथेच चिन्हाचा अर्थ निश्चयाने सांगावा. अन्यत्र तो त्या त्या ग्रंथकाराचे मत म्हणून नोंदवावा. तुरुंगखात्याचे वार्षिक अहवाल, प्रदर्शनांच्या याद्या आणि विजापूरच्या संग्रहालयातील गालिचे ही साधने मराठी अभ्यासकाच्या आटोक्यात आहेत.

तयार गालिच्यात ताणा पूर्णपणे झाकला जातो. केवळ दोन्ही टोकांच्या झालरीत तो उघडा पडतो. दख्खनच्या गालिच्याच्या झालरीत जे पांढरे सूत दिसते ते कापसाचे आहे. सेलूच्या परिसरातील विद्यार्थ्यास त्या सुताची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. तेथून आरंभ करून तो गाठीपर्यंत व गाठीवरून खुणेपर्यंत गेला, तर त्याचा मार्ग चुकण्याचा संभव थोडा.